दोरीला बांधलेली मधमाशी

विदर्भातल्या मंडळींना तान्हा पोळा काय ते सांगायला नको. खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरंसोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत निघतात. आज ज्या खेळण्याविषयी बोलायचं आहे तेही असंच, लाकडाचं आणि दोरीनं ओढायचं. फक्त हा बैल नाही, मधमाशी आहे; आणि तिचा मुलूख आहे न्यूझीलंड. आपण हे नाव बहुधा क्रिकेटमुळं ऐकतो. तिथल्या माणसाला मात्र 'तुमच्या देशाची खूण कोणती?' असं विचारा. किवी पक्ष्यानंतर तो या माशीचंही नाव घेईल. 'बझी बी' तिचं नाव. म्हणजे गुणगुणणारी मधमाशी.

अंगावर लाल-पिवळे भडक रंग, डोक्यावर स्प्रिंगच्या दोन मिशा. दोरी ओढली की चाकांबरोबर पंखही गरगर फिरतात आणि टकटक, टकटक आवाज येतो. मूल थांबलं की माशी गप्प. मूल धावलं की तिचीही धांदल! गुरुजी, वर्गात चाकांचं एखादं खेळणं असेल तर ते उलटं करून मुलांना दाखवा. एकाच्या फिरण्यानं दुसरं कसं फिरतं, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा तिथं लवकर कळतं.

ऑकलंड शहरात १९४० नंतरच्या दहा वर्षांत ही माशी जन्मली. ती मॉरिस श्लेसिंजर यांनी योजली, आणि हेक व जॉन रॅमझी या भावांनी कारखान्यात करून घरोघर पोचवली. तिचा जम बसायला एक कारण होतं. १९३८ साली न्यूझीलंड सरकारनं परदेशी मालाच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं. बाहेरची खेळणी दुर्मीळ झाली, तेव्हा घरच्या कारागिराला वाव मिळाला. अमेरिकेतल्या फिशर-प्राइस कंपनीनंही १९५० साली याच नावाची माशी काढली होती, त्यामुळं कोणी कोणाचं पाहून केलं यावर वाद घालणारे घालतात. पोरांना त्याचं काय!

देशाचं चिन्ह कोणी हुकूम काढून ठरवतं असं आपल्याला वाटतं. इथं तसं झालं नाही. एका पिढीनं दोरी ओढली, ती मोठी झाली आणि तिनं आपल्या मुलांच्या हाती तीच दोरी दिली. मग १९८३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स आणि डायना दौऱ्यावर आले. ऑकलंडच्या सरकारी निवासाच्या हिरवळीवर त्यांचा रांगता विल्यम या माशीशी खेळताना छायाचित्रांत आला आणि जगानं ती पाहिली. १९९४ साली ती टपाल तिकिटावरही आली.

पुढं कारखान्याचे मालक बदलले, आणि या शतकात माशी चीनमध्ये तयार होऊ लागली. मग ती न्यूझीलंडची राहिली का? मला विचाराल तर खेळणाऱ्या पोरापुरती राहिली. ते कुठं खेळण्याखालचा शिक्का वाचतं? पण ऑकलंडमध्ये लाकूड कातणाऱ्या, रंग देणाऱ्या हातांचं काम गेलं. ते छायाचित्रात दिसत नाही आणि तिकिटावरही नाही.

तान्ह्या पोळ्याला तुमच्या गावच्या सुताराकडं यंदा किती बैल सांगितले गेले, एकदा विचारून बघा.