जुन्या हेल्मेटवरचे स्टिकर काढताना

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघातली स्मृती मानधना आपल्या सांगलीची. आता लेकीनं, नातीनं बॅट मागितली तर नाही म्हणणं अवघड आहे. पण नवं साहित्य परवडत नाही. मग कुणाचं तरी वापरलेलं हेल्मेट घरी येतं, आणि त्यावर आधीच्या मालकाचे चार-पाच स्टिकर चिकटलेले असतात.

स्टिकर काढायचे ते नुसते शोभेसाठी नाहीत. स्टिकरखाली चीर लपलेली असू शकते. वापरलेलं हेल्मेट आलं की त्याचं कवच उघडं करून, उन्हात धरून, सगळीकडून बोट फिरवून बघावं, असं आम्ही म्हणतो. मगच ते पोरीच्या डोक्यावर.

आता काढायचं कसं? आपल्याकडे लगेच कुणीतरी बाटली आणतं. गाडीतलं थोडं पेट्रोल, नाहीतर रंगाऱ्याकडचं थिनर, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं पाणी. चिकटा लगेच निघतो, हे खरं. पण स्वस्तातल्या हेल्मेटचं कवच बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचं असतं. ही द्रव्यं त्या प्लॅस्टिकमध्ये शिरतात आणि त्याला ठिसूळ करतात. वरून कवच चकचकीत दिसतं, आणि चेंडू बसला की तडकतं. सायकलच्या आणि दुचाकीच्या हेल्मेटात तर थर्माकोलच्याच जातीचा फोम असतो. खात्री करायची असेल तर बचत गटाच्या बैठकीत थर्माकोलच्या तुकड्यावर ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर दोन थेंब टाकून बघा. जागेवर खड्डा पडतो. पेट्रोलचाही थर्माकोलवर तसाच परिणाम होतो, पण त्याचा प्रयोग घरात नको, चुलीजवळ तर नकोच.

आमची पद्धत सावकाश आहे, पण तिच्यात धोका नाही. कोमट पाण्यात फडकं बुडवून, पिळून, स्टिकरवर दहा मिनिटं ठेवायचं. उकळतं पाणी नको. कडा सुटली की नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या काठानं हळूहळू उचलायचं. ब्लेड, सुरी, तारेची घासणी, राख यांतलं काही लावायचं नाही, ओरखडे पडतात. स्टिकरचा कागद निघतो आणि गोंद राहतो, तो खरा चिवट. त्यावर अंगठा गोल गोल फिरवला की शेवया वळाव्यात तशा त्याच्या वळ्या होतात. शाळेतलं खोडरबरही चालतं. मग भांड्यांच्या साबणाचं थोडं कोमट पाणी आणि मऊ कापड. धुऊन सावलीत वाळवायचं, उन्हात पत्र्यावर ठेवायचं नाही.

खोबरेल तेलाचं विचारतात बऱ्याच जणी. गोंद मऊ होतो खरा, पण हेल्मेट बनवणारे साधा साबण आणि पाणीच वापरायला सांगतात. त्यामुळे आम्ही तेल सुचवत नाही. नाहीच निघाला शेवटचा ठिपका, तर राहू द्या. चिकट ठिपक्यानं कुणाचं डोकं फुटत नाही.

एक स्टिकर मात्र काढायचा नाही. दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह असतं. क्रिकेटच्या हेल्मेटमध्ये बीएस ७९२८ असं लिहिलेली पट्टी असू शकते. ती चाचणीची खूण असते. ती काढली तर पुढच्या बाईनं हेल्मेट खरं की खोटं कसं ओळखायचं? आणि जुना रंग लपवायला वरून ऑइल पेंट तर मारूच नका, त्यातही थिनर असतं. नाव लिहायचं तर पिशवीवर लिहा.

फिलिप ह्यूज हा ऑस्ट्रेलियाचा खेळाडू नोव्हेंबर २०१४ मध्ये चेंडू मानेवर बसून गेला. त्यानं हेल्मेट घातलेलं होतं, पण मानेचा तो भाग उघडाच होता. त्यानंतर मानेमागची जोड-पट्टी वापरात आली. जुनं हेल्मेट घेताना ती आहे का, जाळीचे स्क्रू घट्ट आहेत का, आतला फोम भुगा होत नाही ना, हेही एका बैठकीत बघून टाका.

चीर सापडली, किंवा जोराचा चेंडू त्यावर बसलाय असं कळलं, तर फेविक्विकनं सांधू नका. धाकट्या बहिणीला घालू नका, भंगारवाल्यालाही तसंच देऊ नका. आधी हनुवटीचा पट्टा कात्रीनं कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी ते डोक्यावर चढवणार नाही.