मोकळा दिवस आणि कळंब्याचे पाणी



कोल्हापूरला येणारा प्रवासी बहुधा हिशेबाने येतो. महालक्ष्मीचे दर्शन घ्यावे, जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा करावा, एक सायंकाळ रंकाळ्यावर घालवावी, चपला आणि गूळ बांधून घ्यावा व परतीची गाडी गाठावी, असा हा हिशेब असतो. त्यात मोकळ्या दिवसाला जागा नसते. तो येतो तो अकस्मात, आणि बहुतेक वेळा आरक्षणाच्या खिडकीवरून येतो.

अकोल्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने आलेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. शाळामास्तर, त्यांच्या पत्नी, वृद्ध मातोश्री आणि दहा-बारा वर्षांची दोन मुले. देवीचे दर्शन पहिल्याच संध्याकाळी झाले. जोतिबा आणि पन्हाळा दुसऱ्या दिवशी झाले. परतीचे आरक्षण मात्र चौथ्या दिवशीचे मिळाले. मधला तिसरा दिवस कोणाच्याच मालकीचा नाही. तो लॉजच्या खोलीत काढावा तर मुले ऐकत नाहीत, आणि पुन्हा बाजारातून फिरावे तर खिसा ऐकत नाही.

अशा कुटुंबाला उपनगराकडे जाण्याचा सल्ला दिला, तर ते प्रथम हसेल. उपनगरात पाहण्यासारखे काय असते? सारखे बंगले, सारख्या सदनिका, औषधांची दुकाने, झेरॉक्सच्या टपऱ्या आणि अर्धवट राहिलेली गटारे. हा आक्षेप खोटा नाही. परंतु शहर आपले देऊळ आणि राजवाडा पाहुण्याला दाखवते, ते ज्याच्यावर जगते ती वस्तू मात्र क्वचितच दाखवते. ती पाहावयाची असेल, तर शहर जेथे संपते तेथवर जावे लागते. कोल्हापुरात दक्षिणेकडे ही जागा म्हणजे कळंबा, आणि ती वस्तू म्हणजे पाणी. काटेपूर्णा धरणात पाणी किती उरले याची चौकशी ज्या शहरात दर उन्हाळ्यात होते, तेथून आलेल्या माणसांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

ही सहल देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावरच सुरू होते. मंगळवार पेठेत ‘पाण्याचा खजिना’ नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला एवढे नाव सांगितले की पुरते. कळंब्याच्या तलावातून निघालेले पाणी शहरात येथे येत असे आणि येथून पेठापेठांत वाटले जाई. पाणी साठविण्याच्या जागेला टाकी न म्हणता खजिना म्हणणाऱ्या लोकांना पाण्याची किंमत कोणी वेगळी शिकवावी लागली नसेल. बाहेरून आलेल्या माणसाला येथे पाहण्यासारखे फारसे नाही, आणि मुले तर दोन मिनिटांत कंटाळतील. पण ज्या पाण्याचा मार्ग शोधत दिवसभर उलट्या दिशेने जावयाचे आहे, त्याचे शहरातील टोक येथे आहे, म्हणून आरंभ येथूनच करावा.

खजिन्यातील पाणी पेठांत वाटले गेले तरी ते सगळ्यांच्या ओंजळीत पडत होते, असे मात्र नाही. विहिरी आणि पाणवठे माणसांना जातीने वाटून दिलेले होते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ साली सार्वजनिक विहिरी, पाणवठे व धर्मशाळा, अस्पृश्य मानल्या गेलेल्या प्रजाजनांना खुल्या करण्याचे हुकूम काढले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी झालेला. शाळामास्तरांनी मुलांना हे दोन सन येथेच सांगून टाकावेत. वर्गात ते पाठ होतात, पण पाण्याच्या जवळ उभे राहून ऐकले की लक्षात राहतात.

पुढचा प्रवास के.एम.टी.च्या बसने. नंगीवली चौक, एस.टी.चे संभाजीनगर स्थानक, औद्योगिक प्रशिक्षण संस्था असे करीत रस्ता दक्षिणेकडे निघतो. वाटेत उंच भिंतींचे मध्यवर्ती कारागृह लागते. कोल्हापुरात कोणी ‘कळंब्याला पाठवीन’ असे म्हटले, तर त्याचा अर्थ सहलीला पाठवीन असा होत नाही, हे पाहुण्यांना ठाऊक असलेले बरे! मात्र याच भिंतींआड काही वर्षे बंदीजनांनी महालक्ष्मीच्या प्रसादाचे लाडू वळले. ज्यांना देवळापर्यंत जाता येत नव्हते, त्यांच्या हातचा प्रसाद देवळातून घरोघरी गेला. आजींना ही गोष्ट तलावापेक्षाही अधिक आवडेल आणि अकोल्याला परतल्यावर तीच प्रथम सांगितली जाईल.

साई मंदिराच्या थांब्याच्या आसपास कळंबा कोठे सुरू झाला हे सांगणे आता अवघड आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर गावाचे नाव ‘कळंबे तर्फ ठाणे’, बसच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी ‘कळंबा’. कारभार ग्रामपंचायतीचा, रस्त्यावरची वर्दळ शहराची. कोल्हापूरची महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी अस्तित्वात आली. तेव्हापासून शहराची हद्द वाढवावी, असे शहर म्हणत आले आणि आसपासची गावे त्याला विरोध करीत आली. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, त्यात हा परिसर आला. या वादात पाहुण्याने पडू नये. चहाच्या टपरीवर दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे चांगले मांडता येते.

तलावाच्या बांधावर आले की वस्तीचा आवाज एकदम मागे पडतो. समोर पाणी, पाण्यापलीकडे कात्यायनीचे डोंगर. हिवाळ्यात येथे वारकरी पक्षी काळ्या ठिपक्यांसारखे पाण्यावर पसरलेले असतात. कडेच्या उथळ पाण्यात बगळे, एखाद्या वाळक्या फांदीवर पंख वाळवीत बसलेला पाणकावळा आणि क्वचित हळदीकुंकू बदकांची जोडी दिसते. ज्याला पक्ष्यांची नावे येत नाहीत, त्यालाही येथे तासभर बसण्यास अडचण पडत नाही.

हा तलाव संस्थानच्या काळातील आहे. शाहू छत्रपतींनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती घेतली, त्याच्या आधीच कळंब्याचे पाणी शहरात पोहोचले होते. शहरापेक्षा उंचावर डोंगराच्या पायथ्याशी बांध घालावा, पावसाळ्यात ओढ्यांनी येणारे पाणी अडवावे आणि ते नळातून केवळ उताराच्या बळावर शहरात सोडावे, अशी ही साधी योजना. इंजिन नाही, पंप नाही आणि त्या काळी वीज असण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी आपल्या वजनाने उतरते, हे शाळेतील विज्ञान येथे एका संपूर्ण शहराच्या घागरी भरीत होते. मास्तरांनी मुलांना बांधावर उभे करून आधी डोंगर, मग पाणी आणि मग मागे वळून खाली पसरलेले शहर दाखवावे. पाठ तेवढ्यात संपतो.

शहर वाढले तसे हे पाणी पुरेनासे झाले. बालिंगे, शिंगणापूर येथे नदीवर उपसा केंद्रे आली आणि कळंब्याचा वाटा कमी होत गेला. ज्याच्यावर एके काळी सारे शहर विसंबून होते, तो तलाव पुरवठ्याच्या कागदावर लहानशा रकान्यात जाऊन बसला. त्यात वावगे काही नाही. मोठ्या शहराला मोठी नदीच लागते. परंतु ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत जे घडले ते विसरण्याजोगे नाही. पंचगंगा चढली आणि नदीकाठची उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली. सभोवार पूर आणि घरातील नळ कोरडे, अशी अवस्था शहराने दोनदा अनुभवली. टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. नदीच्या पुरापासून दूर, उंचावर असलेले आणि विजेची वाट न पाहणारे पाणी म्हणजे काय, याचा अर्थ त्या दिवसांत पुन्हा एकदा कळला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट जलवाहिनीने पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात आले. सुमारे ५३ किलोमीटरांची ही जलवाहिनी कोल्हापूरकरांची अनेक वर्षांची मागणी होती आणि तिचे स्वागत झाले ते योग्यच झाले. मात्र आता कळंब्याची गरज काय, तेथे नौकाविहार आणि बाग पुरे, असे म्हणणाऱ्यांशी सहमत होणे कठीण आहे. धरणातील पाणीही पंपांनी उचलावे लागते आणि पंप बिघडतात. बाग अवश्य असावी, नावाही असाव्यात. पण पाणी पिण्याजोगे राहिले पाहिजे, ही अट सर्वांत आधीची.

बांधावर एखादे वयस्क शेतकरी भेटतीलच. आजींनी त्यांना, हे तळे कोणाचे, असे सरळ विचारावे. उत्तर साधारण असे येते : ‘‘आजी, तळं म्युन्सिपाल्टीचं, शिवार आमचं, आन् पाऊस देवाचा.’’ कायद्याच्या भाषेतही वस्तुस्थिती याहून फार निराळी नाही. तलाव महानगरपालिकेचा, तो ज्या शिवारात आहे ते कळंब्याचे, आणि गावही आपले पिण्याचे पाणी याच तलावातून घेत आले आहे. त्यामुळे तलावात म्हशी धुतल्या, गाड्या धुतल्या, कपडे धुतले किंवा वरच्या वस्तीचे सांडपाणी उतरले, तर त्याचा बंदोबस्त करणे कोणाचे काम, हा प्रश्न दोन कचेऱ्यांच्या मध्ये घोटाळत राहतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडला होता. पाणी नसलेला कळंबा ज्यांनी पाहिला त्यांना तो फार वाईट दिसला. परंतु त्या निमित्ताने गाळ काढण्याचे काम झाले. तलावातील गाळ म्हणजे डोंगरावरून वाहून आलेली कसदार माती. तलावाला ती ओझे असते आणि शेताला खत.

खरी काळजी गाळापेक्षा ओढ्यांची आहे. कात्यायनीच्या डोंगरातून सात नाले तलावाकडे येतात, असे येथील लोक परंपरेने सांगतात. मोकळ्या दिवसाचा उत्तम खेळ मुलांना द्यावयाचा असेल, तर हे सात नाले शोधून मोजण्याचा द्यावा. काही सहज सापडतात. काहींच्या काठाशी कुंपणे आलेली आहेत. एखाद्या ठिकाणी कोरड्या दिवसांत नाला आणि रिकामा भूखंड यांतील फरक ओळखता येत नाही, आणि ज्याने तो भूखंड गुंठ्यांनी विकत घेतला त्यालाही कदाचित ओळखता आला नसेल. आयुष्याची पुंजी घालून घर बांधणाऱ्या कारकुनाला वा शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. आराखड्यावर नाल्याची रेघ ठळक असती आणि ती त्याला खरेदीच्या आधी दाखविली गेली असती, तर त्याने दुसरीकडे जागा पाहिली असती. बांध कितीही मजबूत असला, तरी वरून येणारी वाट बुजली तर अडवायला पाणीच उरणार नाही.

दुपारचे जेवण बरोबर आणलेल्या डब्यांतून झाडाखाली करावे. कागद आणि पिशव्या परत न्याव्यात. ज्यांना चालवते त्यांनी मग गारगोटी रस्त्याने कात्यायनीकडे निघावे. आजींसाठी रिक्षा करावी, हे बरे.

कात्यायनीचे देऊळ डोंगराच्या कुशीत आहे. करवीर माहात्म्यातील देवतांमध्ये तिचे स्थान मानाचे आहे. दर्शनाला गर्दी नसते, त्यामुळे महालक्ष्मीपुढे रांगेत उभे राहून जे मागावयाचे राहून गेले, ते आजींना येथे निवांतपणे मागता येते. पाण्याच्या शोधात निघालेल्याला मात्र येथे दुसरे काही सापडते. कळंब्याचा तलाव होण्याच्याही आधी कोल्हापूर शहराला येथील झऱ्यांचे पाणी बांधीव नळाने नेलेले होते. म्हणजे सकाळी खजिन्यापाशी धरलेले सूत येथे डोंगरात येऊन पोहोचते. शहराने पाणी मागावयाचे आणि या डोंगराने द्यावयाचे, हा व्यवहार तलावापेक्षाही जुना आहे.

आषाढात कोल्हापूरला येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. नदीला नवे पाणी आले की गल्लोगल्लीचे लोक ते घागरींतून टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन वाहतात, आणि पुढे ‘पी ढबाक’ वाजत असते. नव्या पाण्याचे असे स्वागत करणारे शहर नळातून येणाऱ्या पाण्याकडे तितक्या अगत्याने पाहत नाही. नळाला मिरवणूक नसते.

कळंब्याला जाण्यास हिवाळा चांगला. जोराचा पाऊस सुरू झाल्यावर तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की शहरातील माणसेही तो पाहावयास लोटतात, तेव्हा मुलांना पाण्याच्या कडेला जाऊ देऊ नये. खजिना, तलाव आणि नाले एवढे सकाळपासून दुपारपर्यंत होते. कात्यायनी धरल्यास सायंकाळ होते, आणि अंधार पडल्यावर त्या बाजूने वाहन मिळण्याचा भरवसा धरू नये. परतीची गाडी किती वाजता आहे, हे उतरतानाच विचारून ठेवावे.