खुराड्यातली रक्ती हगवण
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परसात दहा-बारा कोंबड्या असलेल्या घरात पावसाळा लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'कोंबड्यांना मरी लागली.' या एका शब्दात आपण कितीतरी रोग कोंबून टाकतो. मग इलाजही एकच उरतो. धडधाकट दिसतील त्या विकायच्या, बाकीच्या देवाच्या हवाली. पिल्लं गिरिराज-वनराजची असोत नाहीतर घरच्या गावठी कोंबडीखाली निघालेली, घरातल्या बाईचा तेल-मिठाचा पैसा त्यांच्यावर असतो. म्हणून आज या 'मरी'तल्या अशा एका रोगाबद्दल बोलतो, ज्यावर औषध आहे, ते महाग नाही, आणि वेळेत दिलं तर बरीचशी पिल्लं वाचतात. तो रोग म्हणजे रक्ती हगवण. आम्ही पशुवैद्य त्याला कॉक्सिडिओसिस म्हणतो.

आयमेरिया नावाचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एकपेशी जीव कोंबडीच्या आतड्यात वाढतो. त्याची बीजं शिटेतून बाहेर पडतात. बाहेर पडल्याबरोबर ती रोग करत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात, आणि मग दाण्या-पाण्याबरोबर पिल्लाच्या पोटात गेली की आतड्याचं अस्तर फोडतात. आता आषाढातलं खुराडं डोळ्यांपुढे आणा. तळाला भिजलेलं तूस, कलंडलेलं पाण्याचं भांडं आणि दाटीनं बसलेली पिल्लं. आणखी काय हवं?

ओळखायचं कसं? आधी वय पाहा. साधारण तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत हा रोग जास्त दिसतो. पिल्लू पिसं फुगवून, पंख पाडून, डोळे मिटून बसतं. तुरा पांढुरका पडतो. खाणं सुटतं, पाणी पिणं मात्र बऱ्यापैकी चालू राहतं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आणि शिटेत रक्त दिसतं. रात्री खुराड्यात जुनं वर्तमानपत्र अंथरा, सकाळी त्यावर नजर टाका, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त एक गोष्ट. निरोगी कोंबडीही आठ-दहा वेळांत एकदा तपकिरी, चिकट, वासाची शीट टाकते. ते रक्त नव्हे, घाबरू नका.

कोकणात नोकरीला असताना एका वाडीवरून निरोप आला. बाई दारातच म्हणाल्या, "डॉक्टर, मानमोडी आलीय म्हणतात. लस टोचा."

बावीस पिल्लांपैकी पाच गेली होती. मी विचारलं, "मावशी, मोठ्या कोंबड्या कशा आहेत?"

"त्यांना काय धाड भरलीय? खातायत चांगल्या."

"कुणाची मान वाकडी झाली? कुणी तोंड उघडून श्वास घेतंय?"

"नाही हो, तसं काही नाही."

सकाळीच मेलेलं एक पिल्लू उघडून पाहिलं. कोंबडीच्या आतड्याला शेवटाकडे दोन बंद पिशव्या असतात. त्या दोन्ही फुगून रक्तानं काळ्या-लाल झाल्या होत्या. लस टोचण्याचा प्रश्नच नव्हता. पाण्यातून औषध सुरू केलं. आणखी दोन पिल्लं गेली, पंधरा वाचली.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, वेगळी. ती लहान-मोठं पाहत नाही. हिरवट हगवण, घरघर, वाकडी मान. तिच्यावर औषध नाही, आधी टोचलेली लसच काय ती उपयोगी. आणि मोठ्या कोंबड्या अचानक पटापट पडू लागल्या तर मेलेल्या पक्ष्याला हातही लावू नका, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तो विसरण्यासारखा नाही.

आता औषध. रक्ती हगवणीवर बहुधा अँप्रोलियम देतात. भुकटी २० टक्क्यांची असेल तर लिटरभर पाण्याला साधारण सव्वा ग्रॅम, पाच ते सात दिवस. पण पुडीवरची टक्केवारी डॉक्टरांना दाखवूनच माप ठरवा. आजारी पिल्लू खात नाही पण पितं, म्हणून औषध पाण्यातून. आणि ते आजारी दिसणाऱ्यालाच नव्हे, खुराड्यातल्या सगळ्या पिल्लांना. पाणी रोज ताजं करा. त्या दिवसांत दुसरं पाणी समोर ठेवू नका. अंगणातलं डबकंसुद्धा बुजवा, नाहीतर औषध भांड्यात आणि पिल्लं डबक्यावर.

पुष्कळ जण ताकदीसाठी त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालतात. तेवढं टाळा. अँप्रोलियम दिसायला ब जीवनसत्त्वातल्या बी-वनसारखं असतं. तो जीव फसून तेच घेतो आणि उपाशी मरतो. तुम्ही खरं बी-वन वाढलंत तर औषधाचा जोर कमी होतो. ताकदीचं औषध नंतर द्या. माणसांच्या तापाच्या गोळ्या चुरून घालणं तर नकोच.

औषधाइतकंच काम जमिनीचं. नुसतं फिनेल शिंपडून समाधान मानू नका, त्या बीजांचं कवच फिनेलला दाद देत नाही. ओलं तूस खरवडून लांब टाका, जमिनीवर उकळतं पाणी ओता, ऊन असेल तर दिवसभर खुराडं उघडं ठेवा, नसेल तर कोरडी राख पसरून त्यावर नवं तूस घाला. पाण्याचं भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवा, म्हणजे ते सांडत नाही आणि त्यात शीट पडत नाही. मोठ्या कोंबड्या धडधाकट दिसूनही शिटेतून रोगबीजं टाकत असतात, तेव्हा विकत आणलेली पिल्लं त्यांच्या जुन्या खुराड्यात लगेच सोडू नका.

रोगातून उठलेली पिल्लं महिनाभर मागे पडल्यासारखी दिसतात. तलंगा अंड्यावरही जरा उशिरा येतात. तेवढ्यावरून त्या बाजारात नेऊ नका. आणि औषध चालू असताना कोंबडी कापायची, अंडी खायची तर किती दिवस थांबायचं, ते पुडी घेतानाच डॉक्टरांना विचारून घ्या.