लगाम आपल्या हाती



१९०१ साली बाल भीमराव भावंड-भाचरांसह साताऱ्याहून वडिलांना भेटण्यास गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे! ज्या समाजाला भाड्याची बैलगाडी नाकारली गेली, त्यातील तरुण आज स्वतःचा टेम्पो घेतो, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु बँकेत कारकुनी करताना थकलेल्या हप्त्यांची खातीही आम्ही पाहतो. म्हणून आज व्यवहाराचे चार शब्द.

आम्ही दोघा भावांनीही जुनाच टेम्पो घेतला. सांगलीहून आष्टा, पेठनाका, कराडमार्गे सातारा. जाऊन-येऊन सुमारे अडीचशे किलोमीटर. महिन्यात पंचवीस खेपा धरल्या तर सहा हजारांहून अधिक किलोमीटर, म्हणजे वर्षाला बहात्तर हजारांहून अधिक! तेव्हा अशा मार्गावर चार वर्षे राबलेल्या गाडीचा मीटर नव्वद हजार दाखवत असेल, तर त्यावर विसंबू नये. क्लच पेडलचे रबर, चालकाची सीट पाहावी. ती खोटे बोलत नाहीत. निळसर धूर दिसला तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे. आर. सी. वर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी नावावर करून घेण्यास विलंब लावू नये.

फार चाललेली गाडी वाईट नसते. दुर्लक्षित गाडी वाईट असते. आमचीच चूक सांगतो. कराडजवळ रेडिएटरचा जुना पाइप फुटला. काटा लाल रेषेवर गेला असताना "माल वेळेवर पोचवू" म्हणून गाडी तशीच दामटली. गॅसकेट जळाले, हेड वाकले. किरकोळ किमतीच्या पाइपापायी टेम्पो तीन आठवडे उभा राहिला आणि दोन हप्ते थकले. त्या महिन्यात पुतणीची कॉलेजची फी आम्ही उसनवारीने भरली.

तेव्हापासून आम्ही नियम केला. भाडे हाती येताच किलोमीटरमागे दोन रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. टायर, बॅटरी, क्लचप्लेट, विमा, पासिंग, सारे त्यातून होते. वहीत तारीख, मीटर, डिझेल आणि ऑइल लिहायचे. ही वही आता पुतणीच लिहिते.

मित्रहो, हप्ता थकला की गाडी दारात उभी असूनही लगाम दुसऱ्याच्या हाती जातो. मसूरच्या मुलांनी नाइलाजाने लगाम धरला होता. आपण तो हिशेबाने धरू या.