पान, पेला आणि पंगत

म्हैसूरच्या खाद्यपदार्थांचा विषय निघाला की प्रथम आठवतो तो म्हैसूरपाक. चौथे कृष्णराज वडियार यांच्या मुदपाकखान्यात काकासुर माडप्पा यांनी बेसन, तूप आणि साखर यांपासून तो सिद्ध केला, असे सांगितले जाते. माडप्पांच्या वंशजांचे दुकान सय्याजीराव रस्त्यावर आहे. राजाच्या ताटातील हा पदार्थ तेथे कोणालाही विकत मिळतो. पदार्थ असा सहज राजवाड्याबाहेर आला. माणसे एका पंगतीला येणे मात्र इतके सोपे नव्हते.

तेथील जेवणाची रीत पाहा. केळीच्या पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. मीठ, लोणचे आणि कोशिंबिरीच्या कुळातील कोसंबरी वरच्या कडेला. भातावर आधी सारू, मग हुळी, अखेरीस दही. (सारू हा आपल्या साराचा सख्खा भाऊच होय.) या क्रमाला पचनाची कारणे दिली जातात, ती खरी असतीलही. परंतु जेवल्यावर पान टाकून द्यावयाचे, पेला ओठांस न लावता पाणी वरून प्यावयाचे, यांमागे स्वच्छतेइतकीच विटाळाची धास्ती होती. घरात ती सांभाळता येई. उपाहारगृहात मात्र रांधणारा कोण, वाढणारा कोण आणि शेजारी बसलेला कोण, असे प्रश्न उभे राहिले. दक्षिणेत त्यांवर तोड निघाली ती अशी: आचारी ब्राह्मण ठेवावयाचा आणि अनेक ठिकाणी ब्राह्मणांना बसावयास निराळी खोली द्यावयाची. अस्पृश्यांना तर बहुधा दारच बंद असे.

ही गोष्ट एकट्या म्हैसूर संस्थानाची नव्हे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या साहाय्याने चहाचे दुकान काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास गिऱ्हाईक येईना. महाराज गाडी दुकानापुढे उभी करीत, स्वतः चहा पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत. कोणत्याही फर्मानाइतकाच त्या कपाला अर्थ होता.

26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 15व्या अनुच्छेदाने जात, धर्म यांसारख्या कारणांवरून सार्वजनिक उपाहारगृहात कोणालाही मज्जाव करण्यास मनाई केली. आज म्हैसुरात दोघे मित्र ‘बाय-टू’ म्हणून एक कॉफी मागवतात आणि ती दोन पेल्यांत वाटून येते. परंतु कर्नाटकात आणि इतरत्रही कित्येक खेड्यांतील चहाच्या दुकानांत दलितांसाठीचा निराळा पेला 1950 नंतरही अनेक वर्षे फळीवर वेगळा ठेवलेला असे, आणि पिणाऱ्यालाच तो विसळून ठेवावा लागे.