इंग्लंडमधील उन्हाळी अभ्यासक्रम : पूर्वतयारीचा विचार



निर्मलपासून लंडन दूर असले, तरी या प्रदेशाला तेथील विद्यापीठांची वाट अपरिचित नाही. निर्मल ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानच्या शिष्यवृत्तीवर सरोजिनी नायडू १८९५ साली इंग्लंडला गेल्या आणि लंडनचे किंग्ज कॉलेज व केंब्रिजचे गर्टन कॉलेज येथे शिकल्या. आज इंग्लंडमधील अनेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही आठवड्यांचे उन्हाळी अभ्यासक्रम चालवितात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची अशी उन्हाळी शाळा १९८९ पासून भरत आहे.

येथे ‘उन्हाळी’ या शब्दाचा अर्थ प्रथम नीट समजून घेणे अगत्याचे आहे. इंग्लंडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट असा असतो. निर्मल परिसरात त्या वेळी मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो, कापूस व सोयाबीनची पेरणी चालू असते, बी-बियाणे व खते यांवर घरातील पैसा खर्च झालेला असतो आणि शाळा-महाविद्यालयांचे नवे वर्षही सुरू झालेले असते. म्हणजेच ज्या महिन्यांत शेतकरी कुटुंबाच्या हाती पैसा व माणूसबळ सर्वांत कमी, त्याच महिन्यांत हा अभ्यासक्रम येतो. यास्तव मे महिन्यात सुरू केलेली तयारी व्यर्थ ठरते. दिवाळीनंतर कापूस विकला जातो, तेव्हाच घरात बसून हिशेब मांडला पाहिजे. अर्ज करण्याचा काळही साधारणतः हिवाळ्यातच सुरू होतो.

हिशेबात केवळ शिक्षणशुल्क धरून भागत नाही. विमानभाडे, निवास, भोजन, व्हिसाशुल्क व विमा ही सर्व कलमे त्यात आली पाहिजेत. कारण अल्पकाळासाठी आलेल्या परदेशी व्यक्तीस तेथील रुग्णालयातील बहुतेक उपचारांचा खर्च स्वतःच सोसावा लागतो. तेलंगण शासनाची आंबेडकर विदेशी विद्यानिधी योजना अथवा महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांचा उद्देश परदेशातील पूर्णवेळ उच्चशिक्षणास साहाय्य करणे हा आहे. काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचा खर्च त्यांतून भागेल, असे गृहीत धरू नये. विद्यापीठाकडून शुल्कात सवलत मिळते काय, याची चौकशी थेट त्या विद्यापीठाकडेच करावी. शासकीय योजनेतून पैसा मिळवून देतो, असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहावे.

पैसा मध्येच संपला म्हणजे काय होते, याचे उदाहरण थोरामोठ्यांच्या चरित्रातही सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अपुरा टाकून परतावे लागले. तथापि, निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळविली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर व १९२३ साली डी.एस्सी. हे यश त्यानंतरचे. बुद्धिमत्तेच्या जोडीला नियोजन व लेखी परवानगी यांचेही महत्त्व त्यावरून दिसून येते.

कागदपत्रांची बाब सीमाभागात विशेष दक्षतेची आहे. येथील एकाच विद्यार्थ्याची कागदपत्रे मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असू शकतात. व्हिसासाठी इंग्रजी नसलेल्या कागदपत्रांचे प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. पारपत्र, शालान्त प्रमाणपत्र व बँकेचे पुस्तक यांवरील नाव व आडनाव अक्षरशः एकच असावे. शिक्षकांनी दहावीच्या वर्गातच ही तपासणी केली, तर पुढील धावपळ वाचेल. व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि त्याकरिता हैदराबादला जावे लागते. पारपत्र मात्र त्याच्या कितीतरी आधी हाती असले पाहिजे.

काही आठवड्यांच्या शिक्षणाने पदवी मिळत नाही, हेही पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. मिळतो तो एखाद्या विषयाचा सखोल परिचय, ग्रंथालयाचा उपयोग आणि परक्या भाषेत आपला विचार मांडण्याचा सराव. तेवढ्यासाठी हा खर्च योग्य आहे किंवा नाही, याचा निर्णय कुटुंबाने शांतपणे घ्यावा. नाही असे ठरले, तर त्यात कमीपणा नाही. तोच पैसा पुढील पदवीसाठी राखून ठेवता येईल. होय असे ठरले, तर विद्यार्थ्याने परत आल्यावर आपल्या शाळेतील मुलांना त्या तयारीची सर्व माहिती द्यावी, म्हणजे पुढच्या मुलाची वाट सोपी होईल.