घरच्या डॅकला कुठला रेग्युलेटर? आधी आवाज ओळखा

आज बोलायचंय घरी जोडलेल्या डॅकच्या पॉवर सप्लायबद्दल. डॅक म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. फोन किंवा लॅपटॉपमधले आकडे घेऊन त्यांचा हेडफोनला कळेल असा सिग्नल करणारा छोटासा बोर्ड. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पीसीएम५१०२ए चिपचा बोर्ड घेतलाय, काहींनी ईएसएसच्या चिपवरचा. बोर्ड वाजायला लागला की आठ दिवसांत मेसेज येतो, "दादा, साउंड सुधारायला कुठला रेग्युलेटर टाकू?" आणि सोबत एलटी३०४५ च्या मोड्यूलचा फोटो.

यावर मी उलट एकच विचारतो: तुला नेमका आवाज कसला येतोय? घूं, गुर्र, की स्स? हे सांगितल्याशिवाय रेग्युलेटर निवडणं म्हणजे पोटात दुखतंय की डोक्यात, हे न सांगता केमिस्टकडून गोळी आणणं.

आधी रेग्युलेटर करतो काय ते बघू. जुन्या चाळीत गच्चीवर पाण्याची टाकी असते. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, टाकी भरते, मग दिवसभर नळाला पाणी. आपल्या सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि डायोड मिळून सेकंदाला १०० वेळा टाकी भरतात. टाकी म्हणजे तो मोठा गोल कपॅसिटर. दोन भरण्यांच्या मध्ये पातळी उतरते. रेग्युलेटर हा नळ, पातळी वरखाली झाली तरी धार एकसारखी ठेवणारा. पण पातळी नळाच्या खाली गेली तर जगातला कुठलाही नळ काही करू शकत नाही. पातळी नळाच्या किती वर हवी, त्या अंतराला ड्रॉपआउट म्हणतात. जुना, भरवशाचा ७८०५ आत सुमारे ७ व्होल्ट मागतो तेव्हा बाहेर ५ देतो. एलटी३०४५ चं पाव व्होल्टच्या वर थोड्यात भागतं.

आता एक खरी केस. परळच्या चाळीत राहणारा आपला एक श्रोता, डिप्लोमा करून आता अप्रेंटिस आहे. घर एका खोलीचं. रात्री आजी झोपली की हा दिवा बंद करून हेडफोनवर ख्याल ऐकतो. स्पीकर लावायचा प्रश्नच नाही. स्टायपेंडमधले अडीच हजार बाजूला ठेवलेले, आणि ते सगळे दोन एलटी३०४५ बोर्डांवर घालायच्या बेतात होता. तक्रार अशी, की सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो तेव्हा खाली गुर्र ऐकू येतं. आणि गंमत म्हणजे संध्याकाळी सात ते अकरा येतं, रात्री एकनंतर नाही.

हे "एकनंतर नाही" मला फार आवडलं. कारण रेग्युलेटरचा स्वतःचा नॉइज घड्याळ बघून येत नाही.

त्याला म्हटलं, फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट ॲप घे. इयरफोन लाव, फोनच्या स्पीकरवर नको, त्याला एवढा खालचा स्वर झेपत नाही. आधी ५० हर्ट्झ वाजव, मग १००. तुझं गुरगुरणं कशाशी जुळतं? तो म्हणाला, शंभरशी, पण जरा खरखरीत.

इथे जरा थांबतो, कारण अर्ध्या लोकांचे पैसे इथेच वाचतील. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. हेडफोनमध्ये मऊ, गोल ५० चा घूं असेल, तर तो बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा किंवा ट्रान्सफॉर्मर बोर्डाच्या फार जवळ ठेवल्याचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला? मग लूप आहे, आणि सोन्याचा रेग्युलेटर लावलात तरी तो जायचा नाही. ट्रान्सफॉर्मर वीतभर लांब सरकवून, फिरवून बघा. आवाज १०० चा आणि खरखरीत असेल, तर डायोडनंतरची पातळी नळाच्या खाली जात असण्याचा दाट संशय. माउस हलवला की किरकिर बदलते? ती यूएसबीतून येणारी घाण. आणि गाणं थांबवलं तरी एकसारखं स्स येत असेल तरच, आणि तेव्हाच, रेग्युलेटरच्या नॉइजबद्दल बोलू. तेव्हाही आधी ॲम्प्लिफायरवर संशय घ्या, डॅक काढून नुसता ॲम्प ऐका.

तर परळचा सप्लाय. सहा-झिरो-सहाचा ट्रान्सफॉर्मर, दोन साधे ४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ७८०५. यूएसबी रिसीव्हर आणि डॅक मिळून करंट साधारण १०० मिलिअँपिअर. मीटर लावला तर ७८०५ च्या इनपुटला संध्याकाळी ६.७ व्होल्ट. त्याचं म्हणणं, ५ काढायचेत, ६.७ आहेत, मग अडलं कुठे?

अडलं असं, की मीटर सरासरी दाखवतो. आपल्याला हवा तळ. हिशोब सोपा आहे: करंट भागिले १००, भागिले कपॅसिटर. ०.१ अँपिअर, १००० मायक्रोफॅरड, उत्तर १ व्होल्ट. म्हणजे पातळी दर वेळी १ व्होल्ट उतरते. सरासरीतून त्याचा अर्धा वजा करा, तळ ६.२. एवढ्या कमी करंटला ७८०५ चं साडेसहाच्या आसपासही भागून जातं, पण ६.२ ला तो हात टेकतो. सेकंदाला १०० वेळा. तेच ते गुर्र.

आणि रात्री एकनंतर का नाही? प्लगला २३० असतात तेव्हा तळ पावणेसातच्या जवळ येतो, कसंबसं निभावतं. उन्हाळ्यात संध्याकाळी जुन्या इमारतीत सगळ्या खोल्यांचे एसी, मिक्सर, इस्त्र्या एकदम सुरू असतात, जुन्या वायरिंगमधून येता येता २३० चे २१५ होतात आणि तळ बुडतो. (प्लगचं व्होल्टेज स्वतः मोजायला जाऊ नका हं, सवय नसेल तर. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, कमी व्होल्टच्या बाजूलाच मीटर लावा. २३० ची बाजू फ्यूज आणि झाकणासकट बंद डब्यात. घरात लहान मुलं असतात.)

आता यातली खरी मेख. त्याने एलटी३०४५ घेतला असता तर गुरगुर गेली असती! त्याला ५ साठी जेमतेम ५.३ लागतात, तळ ६.२ आहे, मजेत चालला असता. आणि आपल्या श्रोत्याने सगळ्यांना सांगितलं असतं की अल्ट्रा लो नॉइज रेग्युलेटरने तानपुरा उघडला, काळोख गडद झाला वगैरे. फरक शंभर टक्के खरा, कारण शंभर टक्के चुकीचं. अशाच अनुभवांतून कुठला रेग्युलेटर "गोड" आणि कुठला "कोरडा" याच्या कथा तयार होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी काय सांगितलं? कपॅसिटर ३३०० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा. उतार १ वरून ०.३ व्होल्टवर आला. डायोड बदलून ५८१९ शॉट्की, त्यात ०.३ च्या आसपास वाचले. तळ २१५ वरसुद्धा ७.२. ७८०५ तोच. प्रभादेवीहून स्लो लोकल, ग्रँट रोडला पूर्वेला उतरला, लॅमिंग्टन रोडवर दोन वस्तू घेतल्या आणि शंभराची नोट पूर्ण मोडली नाही.

लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण काउंटरवर कुणी तसं म्हणत नाही. याच रस्त्यावर मिनर्व्हा होतं, जिथे शोले पाच वर्षं चालला. असो.

काहीजण विचारतील, सरळ नऊ-झिरो-नऊ का नाही? चालेल, पण उष्णता मोजा. त्यात पातळी साधारण १२ व्होल्ट. १२ वजा ५, सात. १०० मिलिअँपिअरला ०.७ वॉट. हीटसिंक नसलेला ७८०५ दर वॉटला सुमारे ६५ अंश तापतो, म्हणजे ४५ अंशांची वाढ. मे महिन्यातली आपली ३४ धरली तर ८० च्या घरात. बोट भाजेल, चिप जगेल. पण करंट २०० झाला तर तोच हिशोब १२५ ला जातो, आणि तिथे त्याची हद्द. हीटसिंक लावाच.

बरं. समजा गुरगुर नाही, लूप नाही, सगळं स्वच्छ आहे आणि तरी तुम्हाला सुधारायचंय. मग आकडे बघू. पीसीएम५१०२ए ची डायनॅमिक रेंज ११२ डेसिबल, आउटपुट २.१ व्होल्ट. म्हणजे चिपचा स्वतःचा नॉइज ५ मायक्रोव्होल्टच्या आसपास. ७८०५ चा नॉइज साधारण ४० मायक्रोव्होल्ट. ऐकून वाटतं, अरे बापरे आठपट. पण ७८०५ चे ५ व्होल्ट थेट चिपला जात नाहीत. बोर्डावर ३.३ चा आणखी एक छोटा रेग्युलेटर असतो, आणि खालच्या फ्रीक्वेन्सीला तो आधीच्याचा नॉइज हजारपटीच्या हिशोबाने दाबतो. म्हणून महत्त्वाचा असतो शेवटचा नळ. पैसे घालायचे तर तिथे. ३.३ च्या ॲनालॉग पिनजवळ एलपी५९०७ सारखा साडेसहा मायक्रोव्होल्टवाला बसवला तरी या चिपला भरपूर झालं. एलटी३०४५ चा ०.८ आहे, जबरदस्त आहे, पण इथे तो वाया.

वाया कुठे नाही? ईएसएसच्या ईएस९०३८क्यू२एम सारख्या चिपमध्ये. तिथे आउटपुट थेट एव्हीसीसी नावाच्या पिनच्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतं. ती पिन हलली की गाणं हलतं. तिथे आणि क्लॉकच्या ऑसिलेटरला चांगला रेग्युलेटर द्या. बाकी डिस्प्ले, मायक्रोकंट्रोलर, यूएसबी यांना साधा चालतो.

एलएम३१७ वाल्यांसाठी एक स्वस्त युक्ती. ५ व्होल्टला त्याचा नॉइज साधारण १५० मायक्रोव्होल्ट, ७८०५ पेक्षा जास्त. पण ॲडजस्ट पिन ते ग्राउंड १० मायक्रोफॅरड लावला की तो जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो आणि १०० हर्ट्झच्या रिपलची दाबणूकही ६४ वरून ८० डेसिबलच्या आसपास जाते. सोबत उलटा संरक्षण डायोड विसरू नका. हा ३१७ बॉब डॉबकिन यांनी १९७६ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये केला. पुढे १९८१ मध्ये लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनी काढणाऱ्यांत तेही होते, आणि एलटी३०४५ त्याच कंपनीतून आला. त्यामुळे जुना विरुद्ध नवा असं भांडण लावू नका, घर एकच आहे.

पॉवर बँकवाले, तुमच्याकडे येतो. "बॅटरी आहे, म्हणजे शुद्ध डीसी" हे चूक. आतला सेल ३.७ व्होल्टचा, त्याचे ५ करायला आत स्विचिंग सर्किट असतं. साध्या रेग्युलेटरची दाबणूक १०० हर्ट्झला उत्तम असते, पण लाखो हर्ट्झला खूप घटते. म्हणून रेग्युलेटरच्या आधी १० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड लावा. ३० मिलिअँपिअर करंट असेल तर ०.३ व्होल्ट जातील, तेवढे सोडा. करंट १०० असेल तर हे जमणार नाही, अख्खा व्होल्ट जाईल. आणि ५ व्होल्टमधून ३.३ काढायला ३१७ वापरू नका, त्याला आत तेवढी जागाच मिळत नाही. एएमएस१११७ चालतो, पण आउटपुटला फक्त सिरॅमिक कपॅसिटर ठेवलात तर तो अस्थिर होऊ शकतो, २२ मायक्रोफॅरडचा टँटलम लावा.

शेवटचं, नकली माल. एलटी३०४५ चं मोड्यूल संशय यावा इतकं स्वस्त मिळालं, तर डॅकला जोडण्याआधी ही चाचणी करा. आउटपुट ३.३ ला सेट करा, इनपुटला ३.७ द्या, १६ ओहमच्या आसपासचा एक वॉटचा रेझिस्टर लोड म्हणून लावा, म्हणजे २०० मिलिअँपिअर. इनपुट मोड्यूलच्या पिनवरच मोजा, वायरमध्ये व्होल्ट जातो. खरा असेल तर ३.३ धरून ठेवेल. आउटपुट घसरलं तर तो एलटी३०४५ नाही, परत करा. नाही घसरलं तर तो खराच आहे असं मात्र नाही, दुसरेही चांगले लो ड्रॉपआउट रेग्युलेटर यात पास होतात. पण निदान तुमच्या डॅकचा तळ बुडणार नाही.

प्रश्न पाठवताना व्हॉइस मेसेजमध्ये तीन गोष्टी सांगा: आवाज कसला, कधी येतो, आणि रेग्युलेटरच्या इनपुटला मीटर किती दाखवतो. फोटो नंतर. पुढच्या भागात हेडफोन ॲम्प.